वास-समिती आणि सोन्याची शेपटी

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना माझी बहीण "ही डॉक्टर आहे" एवढंच सांगते आणि घाईघाईने विषय बदलते. समोरच्याने "कसल्या?" असं विचारलंच, तर "प्राण्यांच्या" हे उत्तर जरा खालच्या आवाजात देते. त्यापुढचे प्रश्न तिला नको असतात, कारण ते मला विचारले जातात आणि मी खरी उत्तरं देते, तीही समोरच्याच्या हातात जिलबी असताना.

बत्तीस वर्षं मी ठाण्यात कुत्र्यामांजरांवर उपचार केले. आमचं काम म्हणजे मोडलेले पाय जोडणं आणि गोंडस पिल्लांना लस टोचणं, असं लोकांना वाटतं. तेही असतं. पण माझ्या उमेदीच्या वर्षांतला चांगला मोठा वेळ कुत्र्याच्या शेपटीखाली गेला, हे मी आता, दवाखाना दुसऱ्या डॉक्टरच्या हाती सोपवल्यावर, मोकळेपणाने कबूल करायला हरकत नाही.

ज्यांनी कुत्रं पाळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ जिथे असतात त्या जागी, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत एक तपकिरी, तेलकट द्रव साठतो. दोन कुत्री भेटली की आधी मागे जाऊन हुंगतात ती याचसाठी. आपण आडनाव विचारून जे काढून घेतो, ते त्यांना तिथे एका हुंगण्यात कळतं. कुत्र्याची शी घट्ट असेल, तर बाहेर पडताना ती या पिशव्यांवर दाब देते आणि त्या रिकाम्या होतात. शी कायम पातळ किंवा मऊ असेल, कुत्रं लठ्ठ असेल, कातडीची अॅलर्जी असेल, तर पिशव्या तुंबतात. आतला द्रव दाट होतो, खाज सुटते, आणि कुत्रं बूड जमिनीला टेकून, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत घरभर फिरू लागतं. वेळीच रिकाम्या केल्या नाहीत तर त्यात पू होतो, गळू होतं, फुटतं. आणि वास! त्या वासाबद्दल पुढे लिहायचंच आहे, त्यामुळे इथे थांबते.

हे घासत फिरणं पाहून मालक काय काय निष्कर्ष काढतात! डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी मला त्याचा व्हिडिओ पाठवला होता. मागे ढोलताशाचं संगीत, घरातली मंडळी टाळ्या वाजवतायत, आणि खाली ओळ, 'आमचा टायगर गाडी चालवायला शिकला.' मी उत्तर पाठवलं, 'गाडी घेऊन ताबडतोब दवाखान्यात या.' कल्याणच्या एका बाईंनी तर हे दृष्ट लागल्याचं लक्षण मानून महिनाभर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तोवर बिचाऱ्या कुत्र्याने घरातली एकूण एक पायपुसणी झिजवली.

पण मला सांगायची आहे ती परुळेकरांच्या सोन्याची गोष्ट.

माझा दवाखाना वर्तकनगरला होता. तिथे जुन्या वसाहतीच्या इमारती पाडून बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला आणि त्याच्या तळमजल्यावर मला एक गाळा मिळाला. माझ्याबरोबर मंदाताई होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची, दणकट हातांची बाई. वीस वर्षं ती माझ्याकडे होती आणि आमच्या कामाची वाटणी साधी होती. कुत्र्याची पुढची बाजू तिची, मागची माझी. तिने एकदा कुत्र्याचं डोकं काखेत धरलं की अल्सेशियनसुद्धा शाळेतल्या मुलासारखं गप्प उभं राहायचं.

परुळेकर हे टॉवरच्या सोसायटीचे अध्यक्ष. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर म्हणून आयुष्य काढलेलं, त्यामुळे नोटीस लिहिण्याचा हात तयार होता. निवृत्तीनंतर कामगार उरले नाहीत, म्हणून ते रहिवाशांना नोटिसा देत. मूळचे मालवणकडचे, पण ते त्यांच्या आडनावावरून कळायचं. स्वतः ते तसं कधी सांगायचे नाहीत, मालवणीही बोलायचे नाहीत. टॉवरमध्ये राहायला आल्यावर बायकोबरोबर एका सत्संगाला जाऊ लागले आणि मासे सोडले. मालवणच्या माणसाने मासे सोडणं ही काही लहान गोष्ट नाही. तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांचं कौतुकच केलं असतं. पण त्यांनी कुत्र्यालाही ते सोडायला लावले.

सोन्या हा सोनेरी कॉकर स्पॅनियल. पाच वर्षांचा, लांब कानांचा, अतिशय प्रेमळ, आणि जितकं वजन असायला हवं त्याच्या दीडपट.

"डॉक्टर, हा हल्ली जरा..." परुळेकर शब्द शोधू लागले. "बसून चालतो."

"म्हणजे ढुंगण घासतो?"

"तसंच काहीसं." त्यांनी वेटिंगमधल्या बायकांकडे बघितलं.

मंदाताईने डोकं धरलं, मी हातमोजे चढवले. सोन्याच्या दोन्ही पिशव्या तट्ट फुगलेल्या. दाबल्यावर टूथपेस्टसारखा दाट माल बाहेर आला आणि दवाखान्यातली हवाच बदलली. वेटिंगमधला एक माणूस आपलं मांजर तिथेच ठेवून बाहेर पळाला.

"शी शी शी! सडक्या मासळीचा वास!" परुळेकर रुमाल नाकाला लावून म्हणाले.

आमच्या पुस्तकांतही याच वासाची उपमा आहे. पण मंदाताईला ती कधीच पटली नाही.

"मासलीचा नाय हो," ती सोन्याचं डोकं न सोडता म्हणाली. "ताज्या मासलीला दर्याचा वास येतो, सुकीला उन्हाचा. असली घाण मासलीला नाय येत. उगा नाव नका घेऊ तिचं."

मी सोन्याच्या खाण्याची चौकशी केली. सकाळी दूध आणि सहा ग्लुकोज बिस्किटं. दुपारी मऊ खिचडी, वर तूप. चारला पुन्हा बिस्किटं. गुरुवारी सत्संगाचा शिरा. रात्री दूध-पोळी.

"शी कशी होते?"

"आता ते मी कसं सांगणार? खाली फिरवायला बाई नेते."

बाईंना फोन लावला. बाईंनी एका शब्दात सांगितलं, "पिठल्यासारखी."

मग मी त्यांना नीट समजावलं. दूध बंद, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. बिस्किटं, शिरा, तूप बंद. वजन उतरवा. कुत्र्याला प्रथिनं लागतात, तेव्हा उकडलेलं चिकन किंवा अंडी द्या, त्यात उकडलेला लाल भोपळा कालवा, चिमूटभर इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून घाला. शी घट्ट झाली की पिशव्या आपोआप रिकाम्या होतील. दर महिन्याला दाबून घ्यायची सवय लावू नका, त्याने आतून सूज येते.

"चिकन आमच्या घरात शक्य नाही," परुळेकर म्हणाले. "आणि सोन्यालाही आता त्याची वासना राहिलेली नाही."

टेबलावर उभा असलेला सोन्या त्या वेळी मंदाताईच्या हाताला येणारा तिच्या डब्याचा वास मन लावून चाटत होता.

"मग निदान कुत्र्यांचं तयार कोरडं खाणं द्या. आणि भोपळा तर शाकाहारी आहे."

"बघू," असं म्हणून ते गेले. 'बघू' म्हणणारा मालक काहीही बघत नाही, हे मला एव्हाना ठाऊक असायला हवं होतं. पंधरा दिवसांनी सोन्या पुन्हा तुंबून आला, पुन्हा मोकळा झाला. खाणं तेच. पुढच्या तपासणीला मात्र परुळेकर आले नाहीत. त्यांना सवड नव्हती. सोसायटीत एक गंभीर प्रश्न उद्भवला होता.

त्या प्रश्नाची नोटीस मी लिफ्टपाशी वाचली. 'इमारतीच्या लिफ्ट, पॅसेज व जिन्यात गेले काही दिवस सुक्या मासळीसदृश उग्र दर्प येत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी योग्य ती नोंद घ्यावी, अन्यथा समितीस कठोर निर्णय घ्यावा लागेल.'

संबंधित कोण हे लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. अख्ख्या टॉवरमध्ये कोळी कुटुंब एकच होतं. सातव्या मजल्यावर भाड्याने राहणारी भारती आणि तिचा नवरा नितीन. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ, तो वागळे इस्टेटला मशीनवर. भारती म्हणजे मंदाताईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मंदाताईच्याच सांगण्यावरून त्यांनी इथे भाड्याने घर घेतलं होतं. मावशी खाली कामाला, भाची वर, असा तो बेत.

नोटिशीनंतर आठवड्याभरात वास-समिती नेमली गेली. अध्यक्ष परुळेकर, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि एक महिला सदस्य, जिने पूर्वी एकदा शेजारच्या घरातला गॅस हुंगून ओळखला होता. ही समिती संध्याकाळी मजल्यामजल्यावर जाऊन श्वास घेत असे. परुळेकरांच्या पत्नी सत्संगाला गेलेल्या असत आणि सोन्या घरात एकटा राहिला की भुंकत असे, म्हणून तो अध्यक्षांच्या काखेत.

आता पुढचं मी वेगळं सांगायला नको. समिती चौथ्या मजल्यावर गेली, वास सापडला. नवव्यावर गेली, सापडला. बाराव्यावर तर अगदी ताजा. समिती जिथे जिथे गेली तिथे तिथे तिला वास सापडला आणि तिच्या कार्यक्षमतेबद्दल सगळ्यांची खात्री पटली. सातव्या मजल्यावर समितीने सर्वांत जास्त वेळ थांबून श्वास घेतला, त्यामुळे तिथे वासही सर्वांत जास्त जमला. भारतीच्या स्वयंपाकघरात त्या वेळी वांग्याची भाजी शिजत होती. समितीने झाकण काढून पाहिलं. अहवालात नोंद झाली, 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी वांगे आढळले. तथापि दर्प कायम होता.'

सोमवारी सकाळी मंदाताईने मला हे सगळं सांगितलं आणि झाडू हातात तसाच धरून उभी राहिली.

"मॅडम, तुमाला ठाव हाय वास कोणाचा तो. मनापण ठाव हाय. सांगा ना त्यांना."

"सांगते," मी म्हटलं. "पण असं थेट सांगता येत नाही गं. पेशंटची माहिती खाजगी असते."

"पेशंट? कुत्रा?"

"हो. म्हणजे, मालकाची."

मंदाताई पाठ फिरवून झाडायला लागली.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही, तिने ते ओळखलंच होतं. तळमजल्यावर दवाखाना चालवायला सोसायटीची संमती लागायची. 'जनावरांचा उपद्रव' म्हणून माझ्याविरुद्ध दोन तक्रारअर्ज पडून होते आणि परुळेकरांनी ते फायलीत दाबून ठेवले होते. त्यांच्या एका नोटिशीने माझा दवाखाना उठला असता. साठीच्या उंबरठ्यावर दुसरीकडे गाळा शोधत फिरायची माझी तयारी नव्हती. मी माझ्या भीतीला व्यवसायाच्या नीतिनियमांचं नाव दिलं आणि ते मला शोभूनही दिसलं.

एकदा प्रयत्न केला, नाही असं नाही. परुळेकर गेटपाशी भेटले. सोन्या कडेवर.

"साहेब, सोन्याला घेऊन या एकदा. पिशव्या भरल्या असतील. आणि तो वास... थोडा त्याचाही असू शकतो."

ते दुखावल्यासारखे हसले. "डॉक्टर, सोन्या दीड वर्षं शुद्ध शाकाहारी आहे. त्याला मासळीचा वास कसा येईल? उलट सातव्या मजल्यावरून जो वास येतो ना, त्याने तो अस्वस्थ झालाय. सारखा मागे वळून बघतो, चाटत बसतो. मी तुमच्याकडे येणारच होतो. आपली विशेष सभा आहे. 'सुक्या मासळीच्या दर्पामुळे श्वानाच्या प्रकृतीवर परिणाम' असं एक सर्टिफिकेट तुम्ही द्याल का?"

तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

त्या दिवसापासून मंदाताई माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. डोकं धरायची, सोडायची, टेबल पुसायची. चहा दोघींचा करायची, पण स्वतःचा बाहेर जाऊन प्यायची.

सभा रविवारी सकाळी अकराला सोसायटीच्या हॉलमध्ये होती. विषय एकच होता. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मालकाला पत्र लिहून भाडेकरूंना घर रिकामं करायला सांगावं. मी मागच्या रांगेत बसले, सर्टिफिकेटशिवाय. नितीनची कारखान्यात पाळी होती, त्यामुळे भारती एकटीच आली होती. तिच्याशेजारी मंदाताई, इस्त्रीची साडी नेसून. परुळेकर टेबलामागे उभे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि डाव्या कडेवर सोन्या. तो नीट बसतही नव्हता. मला लांबूनच दिसत होतं की त्याला दुखतंय.

अहवाल वाचून झाला. मग सेक्रेटरींनी माइक पुढे सरकवला आणि त्यातून कान फाटतील अशी कर्कश किंकाळी निघाली. सगळे दचकले. सोन्याही दचकला. आणि घाबरलेलं कुत्रं जे करतं ते त्याने केलं. एका बाजूची पिशवी मोकळी झाली.

तो वास पंख्याबरोबर रांगारांगांतून मागे आला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. पुरावा अध्यक्षांच्या हातात होता, अगदी शब्दशः. पण दीडशे माणसांपैकी एकानेही त्या दिशेला पाहिलं नाही. सगळ्या माना भारतीकडे वळल्या.

"पाहा!" परुळेकर माइकवर ओरडले. "आत्ता, भर सभेत! यापेक्षा आणखी काय पाहिजे?"

"पर्समध्ये असेल," मधूनच कुणीतरी म्हणालं. "पर्स बघा तिची."

भारती उभी राहिली. तिने पर्सची चेन उघडली आणि ती समोरच्या रिकाम्या खुर्चीवर उलटी केली. किल्ल्या, रुमाल, हॉस्पिटलचं ओळखपत्र, एक बडीशेपेची पुडी आणि कंगवा. एवढंच पडलं. तिने प्रत्येक वस्तू एकेक करून परत आत भरली.

मंदाताई उठली. "मना बोलायचं हाय."

"आपण सभासद नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बाहेरच्या व्यक्तीला बोलता येणार नाही."

मंदाताई खाली बसली नाही. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उठले. शेकडो कुत्र्यांनी माझ्यावर दात विचकलेत, पण इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"वास सोन्याचा आहे," मी म्हटलं.

"डॉक्टर, तुम्ही—"

"सोन्याच्या शेपटीखाली दोन पिशव्या आहेत. त्या तुंबल्यात. मी तुम्हाला तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. लिफ्टमध्ये, जिन्यात, सातव्या मजल्यावर, जिथे जिथे तुम्ही त्याला घेऊन गेलात तिथे तो वास गेला."

"याला पुरावा काय?"

"तुमची पँट, साहेब."

परुळेकरांनी खाली पाहिलं. पांढऱ्या पँटवर, मांडीच्या बाजूला, तपकिरी डाग पसरला होता. डागात थोडं रक्तही होतं. मी पुढे गेले, सोन्याची शेपटी उचलली. डाव्या बाजूला लालभडक गळू, लिंबाएवढं, कातडी ताणून चकाकत होती. हात लागताच तो कळवळून ओरडला.

आणि तेव्हा परुळेकर, जे वर्षानुवर्षं 'निदर्शनास आले आहे' याच भाषेत बोलत होते, ते एकदम म्हणाले, "सोन्या, काय झाला रे तुका? माका सांगलंस कित्याक नाय?"

सभा तशीच सोडून आम्ही खाली धावलो. मंदाताई माझ्याआधी दवाखान्यात पोचली होती. तिने काही न विचारता टेबल पुसलं, सलाइन काढून ठेवलं आणि सोन्याचं डोकं काखेत घेतलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन मी गळू उघडलं, पू काढला, पिशवी धुतली. परुळेकर दाराशी उभे होते, डागाच्या पँटीत.

"नुसते उभे काय, पाय धरा त्याचे," मंदाताई त्यांना म्हणाली.

अध्यक्षांनी निमूटपणे सोन्याचे मागचे पाय धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझी आई सुके बांगडे भाजायची चुलीवर," ते मध्येच, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले. "तो वास असा नव्हता." मंदाताईने वर पाहिलं नाही.

सोन्या बरा झाला. आठ दिवस औषधं, गरम पाण्याचा शेक, चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. दूध, बिस्किटं, शिरा बंद. दहाव्या दिवशी परुळेकरांनी स्वतः खाटकाकडून चिकन आणलं आणि घरातल्या स्वयंपाकघरात नको म्हणून गॅलरीत इंडक्शनवर शिजवलं. भोपळा, इसबगोल, रोज चाळीस मिनिटं चालणं. तीन महिन्यांत वजन उतरलं, शी घट्ट झाली, पिशव्या आपल्या आपण रिकाम्या होऊ लागल्या, पुन्हा दाबाव्या लागल्या नाहीत. हे मला इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण परुळेकर मला रोज सकाळी साडेसात वाजता सोन्याच्या शीचा फोटो पाठवत. वर 'सुप्रभात', खाली 'आजचे. कृपया अभिप्राय द्यावा.' मीही 'उत्तम', 'समाधानकारक', 'कालपेक्षा सुधारणा' असे शेरे देत असे. माझ्या बहिणीने एकदा चुकून माझा फोन उघडला, त्यानंतर बरेच दिवस ती माझी ओळख नुसती 'ही माझी धाकटी बहीण' अशी करून देत असे.

सोसायटीचं काय झालं? लिफ्टपाशी नवी नोटीस लागली. 'इमारतीतील दर्पाचे तांत्रिक कारण शोधून त्याचे निराकरण करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल सर्व सभासदांचे आभार.' भारतीचं नाव पहिल्या नोटिशीत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या नोटिशीतही ते घालायची गरज कुणाला वाटली नाही. तिची माफी कुणी मागितली नाही. वास-समितीही बरखास्त झाली नाही, ती पुढे गच्चीवरच्या कबुतरांकडे वळली. माझ्या तक्रारअर्जांची फाईल मात्र उघडली गेली नाही. ज्या भीतीने मी दोन महिने तोंड बंद ठेवलं, ती गोष्ट कधी घडलीच नाही.

भारती आणि नितीन दिवाळीआधी टॉवर सोडून गेले. टिटवाळ्याला नव्या इमारतींत त्यांनी स्वतःचं घर घेतलं. "तसंही घ्यायचंच होतं," असं भारती सगळ्यांना सांगत होती. मंदाताईने माझ्याशी हळूहळू बोलणं सुरू केलं, आधी कुत्र्यांबद्दल, मग हवेबद्दल, मग बाकीच्याबद्दल. त्या सभेबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

मागच्या माघात भारतीकडे सत्यनारायण होता. मंदाताई म्हणाली, "येताव का?" आणि मी गेले. दुसऱ्या मजल्यावरचं लहानसं घर, पडदेही अजून लागले नव्हते. पूजा आटोपली, पाहुणे पांगले. मंदाताई आत भांडी लावत होती. भारती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि समोर खाली बसली.

"मॅडम, एक विचारू? मावशी काही सांगत नाही."

"विचार ना."

"वास कुत्र्याचा आहे, हे तुम्हाला सभेच्या दिवशी कळलं का?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," मी म्हटलं. "पहिली नोटीस लागली त्याच दिवशी माहीत होतं."

तिने मान हलवली. रागावली नाही, निदान तसं दिसलं नाही. बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं.

"मी तेव्हा लिफ्टने जायचे नाही," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये शिरले की लोक नाकाला रुमाल लावायचे. ड्युटीवरून आलेली असायचे, हातात भाजी, तरी सात मजले जिन्याने. दोन महिने."

मला हे माहीत नव्हतं. माझा दवाखाना त्याच जिन्याच्या पायथ्याशी होता.